उमाजीला चांद्याची हवा मानवत नाही

उमाजी भांडेकर आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळून होता. नवव्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन तो कॉलेजात गेला, तेव्हा त्याला कळलं की आठही दिवस तो वर्गात हजर होता.

इतिहासाच्या सरांनी हजेरीपट उघडून त्याच्यापुढे धरला. सदतीस नंबरच्या रांगेत आठ टपोऱ्या खुणा ओळीने बसलेल्या होत्या.

"नाई सर, मी बिमार होतो," उमाजी म्हणाला.

सरांनी एकदा हजेरीपटाकडे पाहिलं, एकदा उमाजीकडे पाहिलं आणि हजेरीपटावर विश्वास ठेवला. "नीट आठवून पाहा," ते म्हणाले आणि निघून गेले.

माणूस नापास झाला, पडला, झडला, तर चारचौघं निदान हसतात तरी. पण माणूस आठ दिवस नाहीसा व्हावा आणि कोणाला पत्ताही लागू नये, याला काय म्हणावं? गावी चामोर्शीला उमाजी शाळेत एक दिवस दिसला नाही तर दुपारपर्यंत चार बाया घरी चौकशीला यायच्या. अर्थात तिथे त्याचे वडील दादाजी गुरुजी शाळेचे हेडमास्तर होते. इथे चांद्याला तो नुसता सदतीस नंबर होता.

अडीच महिन्यांत त्याला एकही मित्र मिळाला नव्हता. तो घुम्या नव्हता. त्याची अडचण वेगळी होती. कोणाशी बोलायचं तर पहिलं वाक्य चांगलं असलं पाहिजे, असं त्याचं मत होतं. शेजारच्याला 'तुझं गाव कोणतं' म्हणावं की 'तुमचं गाव कोणतं' म्हणावं, हे ठरेपर्यंत तास संपायचा आणि शेजारचा सायकलवर बसून गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारायचा म्हणजे, काल का नाही विचारला, ही पंचाईत.

तिकडे नागपूरला गेलेला त्याचा शाळासोबती पत्रू पत्रामागून पत्रं पाठवीत होता. आम्ही सहा जण रोज चहाला जातो, तू पण ये, खोलीत आणखी एक खाट मावते. आठ खुणा पाहिल्यावर उमाजीने ठरवलं की कॉलेज बदलायचं. यात वावगं काही नव्हतं. साल सत्तावन्न होतं. वर्षभरापूर्वी अख्खा चांदा जिल्हा मध्य प्रदेश सोडून मुंबई राज्यात गेला होता, नद्या, जंगलं, वाघांसकट. जिल्ह्याला कोणी कारण विचारलं नव्हतं. मग एका उमाजीने चांद्याहून नागपूरला जायला कोणाची हरकत असणार?

हरकत नानाजींची होती. नानाजी कॉलेजचे हेडक्लार्क होते, कारण ऑफिसात दुसरा क्लार्क नव्हता. कॉलेज सोडायच्या दाखल्याचा छापील अर्ज त्यांनी कपाटातून असा काढला, जणू आपल्याच शेताचा सातबारा देत होते. अर्जावर 'मध्य प्रदेश' छापलेलं होतं. ते त्यांनी पट्टी लावून खोडलं, वर 'मुंबई राज्य' लिहिलं आणि टाक दौतीत बुडवून विचारलं, "कारन?"

उमाजीच्या ओठांवर खरं कारण आलं होतं. पण आपल्याला कोणी मित्र नाही, हे हेडक्लार्कला शाईने लिहायला सांगणं सोपं नसतं.

"घरगुती," तो म्हणाला.

"घरगुती चालत नाई. कारनं तीन. बापाची बदली, लगीन, नाईतं तब्येत. कोनतं लिवू?"

वडिलांची बदली होणार नव्हती. लग्न लिहावं तर ती बातमी वैनगंगा ओलांडून आईच्या कानावर जायची आणि तिने खरोखरच मुलगी पाहून ठेवली असती.

"तब्येत लिवा जी," उमाजी म्हणाला. "इथली हवा मानवत नाई."

नानाजींचा टाक हवेतच थांबला. "चांद्याची हवा?"

"हो जी."

"माहे पनजोबा याच हवेत चौऱ्यान्नव वर्सं जगले. बिनचष्म्याचे."

उमाजीने मान खाली घातली. पणजोबांपुढे तो काय बोलणार? नानाजींनी मोठ्या दुःखाने कारण लिहिलं आणि अर्ज उमाजीच्या हातात देत बजावलं, "डॉक्टरचा दाखला लागन. अन् तुले जवळून ओळखनारे वर्गातले दोन सोबती पायजेत. त्यायच्या सह्या इथी खाली. तोवर मी याची नक्कल करून कच्चा अर्ज वर पाठवतो."

उमाजी बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. ओळखणारं कोणी नाही म्हणून तो कॉलेज सोडत होता, आणि ओळखणारे दोघं असल्याशिवाय त्याला कॉलेज सोडता येत नव्हतं.

आधी डॉक्टर करावा, असं त्याने ठरवलं. जुलैमध्ये प्रवेशाच्या वेळी ज्या डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं त्यांच्याकडेच तो गेला, ही चूक झाली. त्यांच्या वहीत त्याचं जुनं वजन होतं. त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं, वाकून पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं.

"हवा मानवत नाही म्हणता? मग हे सात पौंड कुठून आले? तेही तापातून उठून?"

ते गुणाबाईच्या घरचे होते. उमाजी जटपुरा दरवाज्याच्या आत गुणाबाईकडे खोली घेऊन राहत होता, आणि तापात माणूस उपाशी ठेवला तर ताप शिरजोर होतो, असं त्या बाईचं शास्त्र होतं.

"खोटा दाखला मी देत नाही," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवस रोज सकाळी रामाळा तलावावर फिरायला जा. चांद्यात त्याहून चांगली हवा नाही. तीही मानवली नाही, तर मी स्वतः लिहून देतो."

उमाजी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गुणाबाई दारात उभी होती.

"म्हंजे माह्या घरची हवा खराब हाये काय, बाबू?"

"तसं नाई बाई, एकंदर गावाची."

ही दुरुस्ती फार महागात पडली. आता प्रश्न एका घराचा राहिला नाही, गल्लीचा झाला. शेजारच्या रुखमाबाईने येऊन खोलीच्या दोन खिडक्यांची पाहणी केली आणि उगवतीची खिडकी दोषी ठरवून ती लावून घेतली. समोरच्या पेन्शनर फॉरेस्ट गार्डने संध्याकाळी येऊन ती उघडली आणि मावळतीची लावली. कोणी दारावर कडुलिंबाचा डहाळा टांगला. कोणी मोहफुलं आंबवून, उकळून त्यांचा काढा आणला. तो प्यायल्यावर उमाजीला दुपारभर चांद्याचीच काय, जगातली कुठलीही हवा चालली असती. एका गृहस्थाने मात्र मुद्द्याचं विचारलं, "नागपूरची बी मानवली नाई तं?" उमाजीने हा विचार केलेलाच नव्हता. त्या गृहस्थाचा साळा मुंबईला गेला होता आणि हवा मानवत नाही म्हणून परत येऊन राजुऱ्याला स्थायिक झाला होता. ही हकीकत सांगायला त्याने एक तास घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उमाजी तलावावर गेला. तो हवेसाठी गेला नव्हता, गल्लीपासून सुटका म्हणून गेला होता. दसरा पंधरवड्यावर आला होता आणि तलाव शिंगाड्याच्या वेलांनी हिरवागार झाला होता. त्या वेलांतून एक डोंगा हळूहळू सरकत होता. एकाच लाकडातून कोरलेली ती अरुंद नाव, आणि तिच्यात बसून उमाजीच्याच वयाचा एक मुलगा वेल उलटे करून शिंगाडे तोडत होता.

"का गा, तू भांडेकर न?" तो ओरडला. "खिडकीजवळचा?"

उमाजी दचकला. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला हाक मारली होती. निरखून पाहिल्यावर त्याला ओळख पटली. हा सोमाजी, वर्गात दाराजवळ बसणारा. त्याच्या घरी तलावातली मासेमारी आणि शिंगाडे चालत, सकाळी दोन टोपल्या काढून मग तो कॉलेजात येत असे.

पहिलं वाक्य शोधण्यात उमाजीने वेळ घालवला नाही. त्याने खिशातून अर्ज काढला. "तू मले ओळखते न? मंग इथी सही कर."

सोमाजीने डोंगा काठाला लावला, हात लुगड्याच्या फडक्याला पुसले आणि अर्ज सगळा वाचला. "'अर्जदारास मी निकटपणे ओळखतो.' मी कुठी निकटपने ओळखतो तुले? तुहं नाव अन् तुही खिडकी, एवढंच तं मले माईत हाये. खोटी सही नाई करत बावा मी."

"मंग?"

"बस डोंग्यात. पयले ओळख तं होऊ दे."

डोंग्यात कसं बसावं हे चामोर्शीच्या हेडमास्तरांच्या मुलाला माहीत असायला हवं होतं, पण त्याचं सगळं बालपण धानाच्या बांध्यांत गेलं होतं. तो बसला तो ठीक बसला. तलावाच्या मध्यावर मात्र अर्ज ओला होतोय असं वाटून तो उभा राहिला. डोंग्यात उभं राहायचं नसतं, हे सोमाजीने सांगितलं, पण ते उमाजीला पाण्यात ऐकू आलं. तो शिंगाड्याच्या वेलांत बसला. शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी काटे असतात. उमाजीने "वाचवा, वाचवा" असा टाहो फोडला.

"उभा राय," सोमाजी म्हणाला.

उमाजी उभा राहिला. पाणी कमरेपर्यंत होतं.

काठावर कपडे धुणाऱ्या बाया हसल्या, सोमाजी तर डोंग्यात आडवा होऊन हसला. उमाजीने चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. डोक्यावर वेल, हातात शाई ओघळणारा अर्ज आणि मागे टोचणारे काटे, अशा अवस्थेत गंभीर राहायला फार मोठा माणूस लागतो. उमाजी तेवढा मोठा नव्हता. तो हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना.

नानाजींनी दुसरा अर्ज दिला, पुन्हा 'मध्य प्रदेश' खोडून. "हवा मानवत नाई, अन् पानी मानवते काय?" एवढंच ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस उमाजी रोज तलावावर गेला. सोमाजीने ओळखीचं काम परीक्षेसारखं अंगावर घेतलं होतं. शिंगाडे तोडता तोडता तो एकेक विचारी. मायचं नाव काय? देवकाबाई. भाऊ-बहीण? एक बहीण, गिरजा. कशाचं भेव वाटते? उमाजीने सांगितलं, वर्गात कोणी आपल्याकडे पाहिलं तं भेव वाटते, अन् कोणी पाहिलं नाई तरी वाटते. सोमाजी यावर हसला नाही. त्याने एक कोवळा शिंगाडा सोलून त्याच्या हातावर ठेवला. मग उमाजी बोलत सुटला तो असा की नवव्या दिवशी सोमाजीच म्हणाला, "बास झालं बाप्पा, एका सहीले लय झालं. आन इकडं." आणि त्याने ऐटीत सही केली.

दुसऱ्या सहीसाठी सोमाजीने त्याला अडतीस नंबरच्या देवाजीकडे नेलं. हा उंच, जाडजूड मुलगा उमाजीच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने अर्ज न वाचताच सही ठोकली.

"वाचून तं पाय," सोमाजी म्हणाला.

"वाचाचं काय? मी याले पयलेपासून ओळखतो. तापात होता तं आठ दिवस याची हजेरी मीच बोललो."

उमाजी पाहतच राहिला. "तू? काऊन?"

"हजेरीच्या वेळी तू दिसला नाई. मनलं, पोट्टा बिमार असन. हजेरी कमी पडली तं परीक्षेले बसू देत नाई. मंग माही हजेरी जाड आवाजात बोलत होतो, अन् तुही बारीक आवाजात."

"माहा आवाज बारीक हाये?"

"मले काय माईत! तू कधी बोललाच नाई. अंदाजानं काढला."

"मंग घरी पाह्याले काऊन नाई आला?" उमाजीचा आवाज चढला होता आणि तो खरोखरच बारीक झाला होता.

"तू राह्यते कुठी, हे कोनाले सांगतलं होतं तू?" देवाजीने साधेपणाने विचारलं.

उमाजीने कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्या आठ खुणांपायी तो कॉलेज सोडायला निघाला होता, त्या कोणीतरी दोन आवाज काढून त्याच्यासाठी मिळवल्या होत्या. सह्या केलेला अर्ज खिशात घालून तो घरी आला तेव्हा त्याला जाण्याची इच्छा राहिलेली नव्हती.

पण इच्छा गेली तरी अब्रू उरते. गल्ली, डॉक्टर, नानाजी, नागपुरात खाट मांडून बसलेला पत्रू, सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडाने म्हणायचं की हवा मानवते? नानाजी समोर दिसले की तो खांबाआड होई. शेवटी एकदा त्यांनी खांबाआडच गाठून अर्ज काढून घेतला. "दोन्ही सह्या हायेत की! मंग देत काऊन नाई? डॉक्टरचं मी पाहून घेतो."

आणि कच्च्या अर्जाचं काय झालं होतं? तो प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे गेला होता. कॉलेज नवं, मुलं मोजकी. एका मुलाला हवा मानवत नाही म्हटल्यावर उद्या दहांना मानवणार नाही, या काळजीने साहेबांनी दादाजी गुरुजींना सविस्तर पत्र लिहिलं होतं. 'आपल्या चिरंजीवांची प्रकृती येथील हवेने खालावत असल्याचे कळते. तरी समक्ष यावे.'

प्रिन्सिपॉल स्वतःच्या हाताने लिहितात म्हणजे मामला हाताबाहेर गेला, असा चामोर्शीत अर्थ लावला गेला. गुरुजींनी शाळेला सुट्टी दिली. देवकाबाईंनी रडत रडत तांदळाची पिशवी बांधली. गावचे जाणते वैदू मंगरूबाबा मुळ्यांची झोळी घेऊन न बोलावताच निघाले. नावेतून वैनगंगा ओलांडून, मूल गावाहून छोट्या रुळांची गाडी धरून तिघं चांद्याला उतरले आणि विचारत विचारत गुणाबाईच्या दारात आले.

"उमा कुठी हाये?" देवकाबाईंनी विचारलं.

"तलावावर गेला, सकाळीच," गुणाबाई म्हणाली.

तलाव म्हटल्याबरोबर देवकाबाईंनी जो हंबरडा फोडला, त्याने सगळी गल्ली बाहेर आली आणि त्यांच्यामागून धावली. तलावावर उमाजी, सोमाजी आणि देवाजी छातीएवढ्या पाण्यात उभे होते. जास्त शिंगाडे कोण तोडतो याची पैज लागली होती आणि देवाजी दोन्ही आवाजांत आकडे ओरडत होता.

"उमा!" आईने हाक मारली.

उमाजी वळला, घसरला आणि दिसेनासा झाला. बाहेर आला तो चिखलाने माखलेला, गाल वर आलेले, तोंडात शिंगाडा. गुरुजींनी मुलाला नखशिखांत पाहिलं.

"ही का खालावलेली तब्येत?" ते म्हणाले. "जुलैत तर सदरा सैल होता रे तुला!"

तशीच सगळी वरात कॉलेजात आली. पुढे गुरुजी, मागे निथळणारा उमाजी, तांदळाची पिशवी घेतलेल्या देवकाबाई, टोपली घेतलेला सोमाजी, देवाजी, मंगरूबाबा आणि निम्मी गल्ली. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"यातला आजारी कोण?" त्यांनी विचारलं.

मंगरूबाबा पुढे झाले. त्यांनी उमाजीचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"याले बिमारी काई नाई," ते म्हणाले. "याले करमत नोहतं. आता करमून राह्यलं."

देवकाबाईंनी पदराने मुलाच्या कपाळावरचा चिखल पुसला. "मंग तसं लिवाचं न रे घरी," त्या हळूच म्हणाल्या. गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"हे कारण अर्जात नाही," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज मऊ झाला होता. "बरं, आता जायचं की राहायचं?"

उमाजीने वाक्य जुळवलं नाही. "राह्यतो सर. इथीच राह्यतो."

गल्लीने एवढा गलका केला की शेजारचा तास थांबला. त्या गलक्यात नानाजी एक कागद फुंकत आत आले. "हा घ्या दाखला. शिक्का बी मारला. आज सकाळी नाव काटलं पटावरून."

"अहो, पण तो राहतोय," साहेब म्हणाले.

"काटलेलं नाव पुन्हा लिवता येत नाई साहेब. नवा प्रवेश घ्या लागते."

ऑफिसात जाऊन नानाजींनी कपाटातून प्रवेशाचा अर्ज काढला आणि पट्टी लावून 'मध्य प्रदेश' खोडलं. उमाजीने निथळत निथळत तो भरला. 'यापूर्वीचे कॉलेज' या रकान्यापाशी तो अडला. नानाजींनी अर्ज ओढून घेतला, तिथे याच कॉलेजचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं, टिपकागदाने टिपलं आणि म्हणाले, "ते बी चांगलं कॉलेज होतं." त्या वर्षीच्या अहवालात प्रवेशांचा आकडा एकाने वाढलेला दिसतो तो असा.

तांदूळ गुणाबाईने ठेवून घेतला. मंगरूबाबांनी जाता जाता नानाजींची नाडी पाहून त्यांना एक मुळी दिली. पत्रूला उमाजीने चार ओळींचं पत्र टाकलं, की खाट दुसऱ्या कोणाला दे.

नव्या प्रवेशामुळे उमाजीचा नंबर पटावर शेवटचा आला आणि जागाही शेवटच्या बाकावर मिळाली. सोमाजी आणि देवाजीही आपली दप्तरं उचलून तिथेच येऊन बसले. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच तासाला इतिहासाचे सर गोंड राजांनी गावाभोवती बांधलेल्या परकोटाबद्दल सांगत असताना देवाजीने कानात काहीतरी कुजबुजलं. उमाजीला हसू फुटलं ते आवरेना, आणि त्याचं पाहून सोमाजीलाही.

"तिघंही बाहेर!" सर गरजले.

तिघं व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले. नानाजी फायली घेऊन चालले होते, ते थांबले.

"काय झालं, भांडेकर?"

"सरानं हाकललं जी," उमाजी म्हणाला. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की नानाजींना वाटलं, पोराला कसलं तरी बक्षीस मिळालं असावं. त्यांनी फायली काखेत धरल्या, त्याची पाठ थोपटली आणि पुढे गेले.